सदर होडीचा स्वभाव

होडी पुढं जाते यात विशेष काही नाही. ओंडका ढकलला तर तोही पुढं जातो. होडीची आणि होडीवाल्याची खरी परीक्षा होते ती मागं जाताना, आणि तीही चारचौघांच्या देखत. मास्तरांना हे शहाणपण आलं तेव्हा होडी त्यांच्या नावावर झालेली होती, आणि तिच्या मागच्या टोकात शेजारच्या दंतवैद्यांच्या पांढऱ्याशुभ्र नौकेचा कठडा अडकलेला होता.

दंतवैद्य आपल्या नौकेवर उभं राहून बघत होते. "मास्तर, डावीकडे काय आहे ते बघता का जरा?" ते म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडात हात घालून बोलायची सवय असल्यामुळे त्यांचा आवाज फार शांत असायचा. मास्तरांना तो शांतपणाच जास्त झोंबला.

मास्तरांनी चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली होती. एक बाजू आणि दोन कोन दिले की उरलेलं जग काढता येतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी सात मीटर लांबीची, एका डोलकाठीची, जुनी पण धडधाकट शिडाची होडी घेतली तेव्हा त्यांना भीती वाटली ती वादळाची, फार तर मळमळीची. धक्क्यावरच्या गल्लीची भीती बाळगावी असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

गल्ली म्हणजे अगदी गल्लीच. दोन्ही हातांना होड्यांच्या रांगा, सगळ्यांची नाकं आपापल्या धक्क्याकडे आणि शेपट्या गल्लीत. मधे बारा मीटर पाणी. एक तोंड बंद, दुसरं समुद्राकडे उघडं. बाहेर पडायचं तर होडी जागेवरून मागं घ्यायची, गल्लीच्या मधोमध आणायची, नाक डावीकडे वळवायचं आणि सरळ निघायचं. बंद तोंडाच्या भिंतीवर बंदराच्या कचेरीने या रांगेसाठी पुरुषभर अक्षरांत रंगवलंच होतं: 'बाहेर पडताना डावीकडे वळा.' एवढ्या अडचणीत शिडं कामाची नसतात. ती गुंडाळून ठेवायची आणि पोटातलं छोटं इंजिन सुरू करायचं. मास्तरांचं इंजिन नऊ घोड्यांचं होतं. त्यातले चार आजारी असावेत असा त्याचा आवाज होता.

होडी घ्यायचं खरं कारण मात्र मास्तरांची बायको. बाईंनी टेलिफोन खात्यात एकोणतीस वर्षं काढली होती, कानाला यंत्र लावून, एका बिनखिडकीच्या खोलीत. यंत्रांना धूळ चालत नाही म्हणून खिडकी नव्हती. माणसांना काय चालतं हे कोणी विचारलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन चपला काढता काढता त्या म्हणाल्या, "आता मला अशा ठिकाणी बसायचंय, जिथं समोर भिंत नाही." दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने गच्चीत खुर्ची टाकून दिली असती. मास्तरांनी होडी घेतली.

आता होडीच्या स्वभावाकडे वळू. इंजिन मागच्या गिअरमध्ये टाकलं रे टाकलं की ही बया आधी शेपूट डावीकडे फेकायची. सुकाणू कुठंही धरा. तिचं ठरलेलं होतं. शेपूट डावीकडे गेलं की नाक उजवीकडे जाणार, हे सांगायला भूमिती नको. म्हणजे जायचं समुद्राकडे आणि होडी तोंड करून उभी बंद भिंतीकडे. इंजिन बघायला आलेल्या मिस्त्रीने हात पुसत समजावलं, "पंखा उलटा फिरतो ना, तो पाण्याला बाजूला रेटतो. सुकाणूला जोर येतो तो पाणी वाहायला लागल्यावर. तोवर पंखाच मालक. पुष्कळ होड्या करतात असं."

"यावर औषध?" मास्तरांनी विचारलं.

"कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच," मिस्त्री म्हणाला आणि निघून गेला.

आपल्या माणसांचं एक असतं. ज्याला पोहता येत नाही तोही बुडणाऱ्याला काठावरून हात कसे मारायचे ते सांगतो. मास्तरांच्या उजव्या हाताला कप्तान होते. कप्तान बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले होते आणि सोनेरी पट्टीची टोपी घालून रोज सकाळी आपल्या नौकेवर चहा पीत बसत. सहा वर्षांत त्यांची नौका जागेवरून हललेली नव्हती. तिच्या दोरांवर शेवाळ आलं होतं आणि कठड्यावर कुंड्या. साहजिकच त्यांच्या हातून आजवर एकही अपघात घडला नव्हता, आणि सल्ला देण्याचा अधिकार त्यांच्याकडे आपोआप चालत आला होता.

"मास्तर, पाण्याशी भांडायचं नाही," कप्तान म्हणाले.

"मग करायचं काय?"

"इंजिन बंद ठेवायचं. बसायचं. मजा घ्यायची. आणि अगदीच जायचं असेल तर कचेरीच्या लाँचला दोर द्यायचा. ओढून नेतात बिचारे."

ओढून नेतात! मास्तरांनी दोनदा ओढून घेतलं होतं. पुढं कचेरीची लाँच, तिच्या मागं दोराला बांधलेली आपली होडी, आणि गल्लीभर माणसं चहाचे कप हातात घेऊन बघतायत. चुकार वासराला कोंडवाड्यात नेतात ते याहून सन्मानाने नेतात. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी तो दोर सोडला आणि बाईंना सांगितलं, "पुन्हा या दोराला हात लावणार नाही. जाईन तर आपल्या इंजिनाने जाईन."

"जा की," बाई म्हणाल्या. "पण मला बुडवू नका. पोळीला पीठ मळून आलेय मी."

घरी खालच्या मजल्यावर विमावाले राहत. त्यांनी जिन्यातच मास्तरांना अडवून सांगितलं की यात अवघड काही नाही, गाडी मागं घेतो तसं घ्यायचं. मान वळवायची, बघायचं, घ्यायचं. मास्तरांनी तेही करून पाहिलं. गाडीचं आणि होडीचं एवढंच वेगळं की गाडी रस्त्याला धरून असते, ब्रेक लावला की थांबते आणि पुढचं टोक जिथं जाईल तिकडे मागचं मुकाट येतं. होडीला ब्रेक नाही, खाली रस्ता नाही, आणि वळताना तिचं पुढचं टोक एकीकडे तर मागचं भलतीकडे जातं. त्यात मधेच वारा आला तर नाकाला धरून आणखी तिसरीकडे नेतो. विमावाल्यांच्या पद्धतीने मास्तरांनी मान वळवली, बघितलं, घेतलं, घाबरून पुढचा गिअर टाकला आणि बंद भिंतीपाशी पाण्यात उभ्या केलेल्या कचेरीच्या खांबाला नाक लावलं. खांबावर पाटी होती: 'सावकाश'.

धक्क्यावर अशा प्रसंगाला 'स्पर्श' म्हणतात. कठडा वाकला तरी स्पर्श, पाटी पडली तरी स्पर्श. कचेरीचे बंदरसाहेब शिट्टी वाजवत आले. हा माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. गळ्यात शिट्टी, काखेत जाड वही. वही उघडून त्यांनी नोंद केली आणि पाण्यात तिरक्या झालेल्या पाटीकडे बघत नियम वाचून दाखवला. "नियम सात. स्पर्शाची जबाबदारी सुकाणू ज्याच्या हाती, त्याची. होडी कोणाची, वारा कोणाचा, हा प्रश्न येत नाही."

"पण साहेब, होडीच डावीकडे..."

"मास्तर, नाचता येईना अंगण वाकडे."

मास्तरांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ही म्हण त्यांनी स्वतः शेकडो वेळा वापरली होती, वर्तुळाऐवजी बटाटा काढणाऱ्यांसाठी. पण एखाद्या वेळी अंगण खरंच वाकडं असू शकतं, हा विचार त्यांच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

आठवड्याने नोटीस आली. दोन स्पर्श झाले असल्याकारणाने सदर नौकाधारकाने पंधरा दिवसांत चाचणी द्यावी. जागेवरून निघून, भिंतीवरील सूचनेनुसार वळून, गल्लीच्या तोंडाकडे नाक करून दाखवावे. तिसरा स्पर्श झाल्यास अथवा चाचणी न दिल्यास धक्क्यावरील जागा रद्द होऊन नौका बाहेरच्या पाण्यात नांगरावर ठेवण्यात येईल.

बाहेरच्या पाण्यात ठेवलेल्या होडीवर जायचं म्हणजे आधी लहान डोंगीत उतरायचं, वल्ही मारायची आणि मग लोंबत्या दोराच्या शिडीवरून वर चढायचं. बाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. धक्क्यावरून होडीत त्या एका पावलात उतरत, कठडा धरून, तेवढं जमत होतं. दोराच्या शिडीवरून त्या कधीच चढू शकणार नव्हत्या. मास्तरांनी नोटीस दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. चाचणी घेणार म्हणतायत."

"आणि नापास झालात तर?"

मास्तर आयुष्यात खोटं फार कमी बोलले होते, त्यामुळे त्यांना ते जमत नसे. बाईंनी त्यांच्या खिशातून नोटीस काढून वाचली. मग चष्मा काढून पदराला पुसला. "म्हणजे पुन्हा भिंतीसमोर," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. मास्तरांना रडू आलं नाही, राग आला. भिंतीचा, पंख्याचा, पाटीचा, वहीचा. आणि राग आला की मास्तर अर्ज लिहीत.

अर्ज असा होता: समोरच्या रांगेतून बाहेर पडताना उजवीकडे वळावं लागतं, जे सदर होडीला आवडतं. तरी समोरच्या रांगेतली रिकामी जागा मिळावी. छापील अर्जात बदलीच्या कारणासाठी तीन चौकटी होत्या: आजारपण, वारसा, इतर. मास्तरांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर होडीचा स्वभाव.'

तीन दिवसांनी अर्ज परत आला. शेरा: स्वभावाबाबत जाणकाराचा दाखला जोडावा. मास्तरांनी मिस्त्रीला गाठलं. मिस्त्रीने इंजिनावर कागद ठेवून, तेलकट बोटांनी दाखला लिहिला की सदर होडी मागे जाताना शेपूट डावीकडे टाकते, त्यात होडीचा दोष नाही. मास्तर तो घेऊन कचेरीत गेले. बंदरसाहेबांनी दाखला उजेडात धरून वाचला.

"दोष नाही असं म्हणतायत हे."

"नाहीच."

"मग जागा बदलायची कशाला?"

"बरं, दोष आहे असं धरा."

"धरतो. सदोष नौका धक्क्यावर ठेवता येत नाही. नियम अकरा." साहेबांनी दाखला परत केला. "दोष असेल तर होडी बाद, दोष नसेल तर अर्ज बाद. तुम्हीच ठरवा."

कोंडी करण्यात माणूस हुशार होता हे मास्तरांनी मनातल्या मनात कबूल केलं. भूमितीत याला सिद्धता म्हणतात. कचेरीत कामकाज म्हणतात.

राहिले साडूभाऊ. मास्तरांच्या मेव्हणीचे यजमान मोटार चालवायला शिकवायची शाळा चालवत आणि त्यांचा आवाज बंद काचेतून ऐकू येई असा होता. त्यांना न बोलावता कळलं, कारण दोघी बहिणी रोज फोनवर बोलत. "मास्तर, रिव्हर्स म्हटलं की आपण!" असं म्हणून ते रविवारी सकाळी हजर झाले. त्यांना घेऊन मास्तर गल्लीबाहेरच्या मोकळ्या पाण्यात सरावाला निघाले. दोराची शपथ मोडायची नव्हती, म्हणून गल्लीतून बाहेर पडायला दोघांनी धक्क्याला, खांबांना आणि कप्तानांच्या कुंड्यांच्या कठड्याला धरून होडी हाताने ओढत नेली. याला पाऊण तास लागला. कप्तानांनी सगळा वेळ टोपी काढून हातात धरली होती, मयताला धरतात तशी.

मोकळ्या पाण्यात मास्तरांनी दगड बांधून एक रिकामा डबा तरंगत सोडला आणि त्याच्याशेजारी डावं वळण घ्यायला सुरुवात केली. मागं घेतलं, शेपूट डावीकडे, नाक उजवीकडे. पुन्हा. पुन्हा. साडूभाऊ ओरडत होते, "कापा! स्टिअरिंग पूर्ण कापा! आता सोडा! सोडा म्हणजे धरा!" सोळाव्या खेपेला डबा शंभर हात लांब राहिला, साडूभाऊंचा घसा बसला आणि मास्तरांचा तोल गेला. चौतीस वर्षांत त्यांनी वर्गात आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी त्यांनी होडी पुन्हा डब्यापाशी आणली, सुकाणू रागाने उजवीकडे पार टोकाला नेऊन सोडलं आणि होडीला म्हणाले, "जा! जायचं तिकडे जा, बये!"

होडी गेली. पुढच्या गिअरच्या एका झटक्याने नाक उजवीकडे वळलं. पुढं फार सरकू नये म्हणून मास्तरांनी मागचा गिअर टाकला. शेपूट नेहमीप्रमाणे डावीकडे गेलं, म्हणजे नाक आणखी उजवीकडे आलं. पुन्हा पुढं झटका, पुन्हा मागं. सुकाणू होतं तिथंच. होडी ना पुढं गेली ना मागं, जागच्या जागी जात्यासारखी फिरली. डबा हाताएवढ्या अंतरावर तसाच डुलत होता.

मास्तर उठून उभे राहिले. नव्वद अंश, एकशे ऐंशी, दोनशे सत्तर. इथं त्यांनी गिअर काढला. होडीचं नाक नेमकं तिकडे होतं, जिकडे ते तीन महिने डावीकडून वळवायला बघत होते.

"उणे नव्वद म्हणजे अधिक दोनशे सत्तर," मास्तर हळूच म्हणाले.

"काय?" साडूभाऊंनी बसलेल्या घशाने विचारलं.

"डावीकडे एक पाव वळायचं, किंवा उजवीकडे तीन पाव. पोचतो तिथंच. हे मी दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहीत होतो हो! हात दुखेपर्यंत लिहीत होतो!"

साडूभाऊंनी विचार केला. "आमच्या शाळेत कोणी असं केलं असतं तर त्याला मी गाडीतून उतरवला असता."

"म्हणून तर तुमच्या गाड्या धक्क्यावर येत नाहीत," मास्तर म्हणाले, आणि पाऊण तासाच्या रस्त्याने दोघे परत आले. हाताने ओढतच, कारण शोध लागला असला तरी मास्तरांना तो चाचणीआधी कोणाला दाखवायचा नव्हता.

पुढचे आठ दिवस ते रोज पहाटे उठून जेवणाच्या टेबलावर चष्म्याचं घर फिरवत बसत. बारा मीटरला बारा वाट्या. होडी सात मीटर. दोन्ही बाजूंना अडीच अडीच मीटर उरतात, म्हणजे पुरतात, वारा मेहेरबान असला तर. बाईंनी दोनदा वाट्या उचलून घासायला नेल्या आणि दोनदा मुकाट्याने परत आणून मांडल्या.

चाचणीच्या दिवशी गल्ली भरली होती. सुट्टीच्या दिवशीही न दिसणारी माणसं आपापल्या होडीत खुर्च्या टाकून बसली होती. दंतवैद्यांनी आपल्या नौकेच्या बाजूला घरातल्या गाद्या बांधल्या होत्या, त्यात एक फुलाफुलांची होती. कप्तानांनी कुंड्या आत घेतल्या होत्या. समोरच्या रांगेत, जरा समुद्राच्या बाजूला, कचेरीची नुकतीच निळी रंगवलेली लाँच उभी होती. मास्तरांनी सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. पेपर वाटण्याआधी वर्गाकडे बघत तसं.

परीक्षक होडीत हवा, असा नियम होता. बंदरसाहेब वही घेऊन मास्तरांच्या शेजारी बसले. बाई पुढं, अगदी नाकाशी, छोट्या स्टुलावर बसल्या.

"त्या उतरल्या तर बरं," साहेब म्हणाले.

"होडी माझ्यासाठी घेतलीय," बाई मागं न बघता म्हणाल्या. "तुम्ही पाहुणे."

मास्तरांनी दोर सोडले. मागच्या गिअरचा छोटा झटका दिला आणि लगेच काढून घेतला. होडी सावकाश मागं सरकू लागली, पाणी वाहू लागलं तसा सुकाणूला जोर आला आणि फुलाफुलांची गादी वीतभर अंतरावरून निघून गेली. दंतवैद्यांनी श्वास सोडलेला ऐकू आला. गल्लीच्या मधोमध मास्तरांनी सुकाणू पार उजवीकडे नेलं.

"डावीकडे!" साहेब ओरडले.

"डावीकडे, मास्तर, डावीकडे!" कप्तान ओरडले. काठावरून कोणी हातवारे केले, कोणी शीळ घातली. साहेबांनी शिट्टी फुंकली. मास्तरांनी पुढचा गिअर टाकला. नाक बंद भिंतीकडे वळलं आणि गल्लीभर एकच हाय उठली. मागं. पुढं. मागं. 'बाहेर पडताना डावीकडे वळा' ही अक्षरं बाईंच्या नाकासमोरून एकेक करत सरकत गेली, मग समोरची रांग, तिच्यातल्या तोंड उघडी राहिलेल्या माणसांसह, आणि मग गल्लीचं तोंड. तिथं मास्तरांनी गिअर काढला. होडी थांबली. कशालाही काही लागलं नव्हतं.

कोणीतरी टाळी वाजवली आणि साहेबांनी बघताच थांबवली.

"हे धरता येणार नाही," साहेब म्हणाले.

"का?"

"सूचनेनुसार वळायचं होतं. डावीकडे. तुम्ही उजवीकडे वळलात. एकदा नाही, तीनदा वळलात."

"साहेब, नाक कुठं आहे?"

"नाकाचा प्रश्न नाही. चौकटीत लिहिलंय, 'डावे वळण: घेतले, नाही'. मला 'नाही' लिहावं लागेल."

चौतीस वर्षांत मास्तरांनी हजारो उत्तरं तपासली होती. वेगळ्या रीतीने बरोबर आलेलं उत्तर त्यांनी कधी कापलं नव्हतं. "रीत माझी आहे आणि उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "या होडीला डावं वळण येत नाही. तुम्हाला येत असेल तर घेऊन दाखवा. मी स्वतः ही होडी बाहेर नांगरावर नेऊन ठेवतो. एक अक्षर बोलणार नाही."

"अहो!" बाई म्हणाल्या. आज पहिल्यांदाच त्यांनी मागं वळून पाहिलं.

पण गल्लीभर लोक ऐकत होते, आणि नियमाच्या माणसालाही मान असतो. "ठेवा जागेवर," साहेब म्हणाले. मास्तरांनी होडी उजवीकडेच वळवून जागेवर नेली. ते वळण तिला मनापासून आवडत असल्यामुळे ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. साहेबांनी वही बाईंच्या हातात दिली, बाह्या सारल्या आणि सुकाणू हातात घेतलं. "वीस वर्षं झाली मला धक्क्यावर," ते म्हणाले.

वीस वर्षं ते लाँच चालवत होते, आणि लाँचला दोन पंखे असतात, एकाचा रेटा दुसरा खोडतो. साहेबांनी मागचा गिअर टाकला आणि सुकाणू पक्कं धरलं. होडी बाहेर आली आणि तिने शेपूट डावीकडे फेकलं. साहेबांनी सुकाणू आणखी दाबलं. शेपूट आणखी डावीकडे गेलं. मग त्यांनी जी चूक केली ती मास्तरांनी पहिल्या महिन्यात रोज केली होती: जोर वाढवला. नऊच्या नऊ घोडे एकदम जागे झाले. होडी तिरकी, मागच्या मागं, समोरच्या रांगेवर गेली आणि कचेरीच्या निळ्या लाँचच्या कुशीत धाडकन बसली. नव्या रंगावर हातभर लांब पांढरी रेघ उमटली.

गल्लीत कोणी हसलं नाही. हसू येत असताना न हसण्याची एक शांतता असते, ती पसरली. साहेब उडी मारून लाँचवर गेले, रेघेवरून अंगठा फिरवला, थुंकी लावून पाहिली. रेघ गेली नाही. मग ते वळले. "वही द्या इकडे."

बाईंनी वही मांडीवर धरून ठेवली होती. "देते. काय लिहिणार तेवढं सांगा."

"ते कचेरीचं काम आहे."

"एकोणतीस वर्षं मी लोकांच्या बोलण्याच्या नोंदी ठेवल्यात, साहेब. कोण बोललं आणि कोणाच्या नावावर गेलं, मला चांगलं कळतं. सुकाणू कोणाच्या हातात होतं?"

साहेबांनी गल्लीकडे पाहिलं. पन्नास माणसं मान वर करून बसली होती. "हा स्पर्श सोडून देता येईल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "चाचणीपुरता."

"नाही," मास्तर म्हणाले. होडी सरकू नये म्हणून त्यांनी लाँचचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता आणि ते साहेबांकडे खालून वर बघत होते, तरी आवाज वर्गातला होता. "माझे दोन सोडले नाहीत. हाही सोडायचा नाही. लिहायचा. आणि खाली माझं उत्तरही लिहायचं. चौकटीत बसत नसेल तर समासात लिहा."

बाईंनी वही दिली, पण पुढं झुकून, वाचता येईल इतक्या जवळ. साहेबांनी लाँचच्या छपरावर वही ठेवून लिहिलं. वेळ लागला. स्वतःचं नाव लिहिताना त्यांचं पेन दोनदा अडलं. मग त्यांनी 'डावे वळण' या चौकटीवर थोडा वेळ पेन धरलं, आणि समासात बारीक अक्षरांत लिहिलं, 'उजवीकडून घेतले. स्पर्श नाही.' शेवटी खाली: 'जागा कायम.' शिक्का उमटवताना त्यांनी इतका जोर लावला की लाँच डुलली.

"झालं," ते म्हणाले. "आता होडी जागेवर लावा."

मास्तरांनी लाँचचा कठडा सोडला. त्यांना वाटत होतं की आपण काहीतरी बोलावं, चार ओळींचं का होईना. आठ दिवस टेबलावर वाट्या मांडताना त्यांनी ते तयारही केलं होतं. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई पुन्हा पुढं तोंड करून बसल्या होत्या. होडीचं नाक अजून भिंतीकडे होतं आणि त्या त्या भिंतीकडे बघत होत्या.

मास्तरांनी सुकाणू उजवीकडे नेलं, पुढं एक झटका, मागं एक, पुन्हा पुढं. भिंत सरकली, समोरची रांग सरकली, पांढऱ्या रेघेची निळी लाँच सरकली आणि बाईंच्या समोर गल्लीचं तोंड आलं. त्यापलीकडे नुसतं पाणी होतं. मास्तरांनी पुढचा गिअर टाकला तो काढलाच नाही.

"मास्तर!" साहेब लाँचवरून ओरडले. "जागेवर लावा म्हटलं! चाचणी संपली!"

"संपली ना?" मास्तर मागं न बघता ओरडले. "मग आता आम्ही फिरायला चाललोय!"

साहेबांनी शिट्टी फुंकली. एकदा, मग लांबलचक दुसऱ्यांदा. बाईंनी ऑपरेशनचा पाय समोर सरळ पसरला, पदर कमरेला खोचला आणि डोळे पुसले.

"वाजवू दे," त्या म्हणाल्या.